लिनक्सचे सिस्टम कॉल फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये: नंबर जुळवले, तरी प्रोग्रॅम चुकतो

झिरोमाईल (नागपूर), बुधवार, रात्री ९:४०

शनिवारी सीताबर्डीच्या बैठकीत दाखवायला एक छोटं कर्नल मॉड्यूल (सिस्टमच्या गाभ्यात बसणारा तुकडा) लिहिणं चालू आहे: लिनक्सचे प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर चालावेत म्हणून त्यांचे सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे केलेल्या मागण्या, भाषांतरित करायचे. मशीन एएमडी६४, फ्रीबीएसडी १४. सिस्टमसोबत येणारं लिनक्स मॉड्यूल मुद्दाम लोड केलेलं नाही, आतलं चाक कसं फिरतं ते पोरांना दिसावं म्हणून. चाचणीचे प्रोग्रॅम डेबियन बुलसआयवर, ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३१ नं, स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी आतच घालून, बांधलेले.

तक्ता असा (आधी लिनक्सचा नंबर, मग फ्रीबीएसडीचा): रीड ० चा ३, राइट १ चा ४, क्लोज ३ चा ६, एफस्टॅट ५ चा ५५१, कनेक्ट ४२ चा ९८, एक्झिट_ग्रुप २३१ चा १, ओपनअ‍ॅट २५७ चा ४९९. एममॅप, ब्रेक आणि आर्च_पीआरसीटीएल हातानं लिहिले. एरर आला की उणे चिन्ह लावून आरएएक्स रजिस्टरमध्ये टाकतो, कारण लिनक्सला तसंच लागतं. बाकी सगळ्यांना उणे ३८, म्हणजे ईनोसिस (असा कॉलच नाही).

"नमस्कार नागपूर" छापून येतं. पुढचं बिघडून राहिलं:

लॉग फाइल अपेंड मोडमध्ये उघडली की आधीचा मजकूर साफ. फाइल नसेल तर तयारच होत नाही, ईनोएंट (अशी फाइल नाही) येतो.

स्टँडर्ड इनपुटला नॉन-ब्लॉकिंग पाइप आहे (फ्रीबीएसडीच्याच पालक प्रोसेसनं करून दिलेला). तो रिकामा असला की प्रोग्रॅम "रिसोर्स डेडलॉक अव्हॉइडेड" म्हणून मरतो. कुठेही लॉक नाही.

११ केबीच्या फाइलचा आकार १७० कोटी बाइटच्या वर दाखवतो. परवानग्या, मालक, ग्रुप मात्र अचूक! मधूनच "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड".

नंबर तीनदा तपासले. काहून होते हे?

(धाग्याच्या नियमाप्रमाणे सगळं देवनागरीत. कमांडा उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना आपापलं समजून घ्या.)

---

अंबाझरी, बुधवार, रात्री १०:१५

नंबर बरोबर आहेत. पण नंबर म्हणजे फक्त बसची पाटी. नागपुरातली ११ आणि पुण्यातली ११ एकाच रस्त्यानं जात नाहीत, आणि तुम्ही प्रवाशाला पाटी बदलून दिली पण तिकीट जुनंच ठेवलं. कॉलच्या आत जाणारे फ्लॅग आणि बाहेर येणारे एरर दोन्ही भाषांतरित करावे लागतात.

आधी लॉग फाइल. लिनक्सचा प्रोग्रॅम तीन फ्लॅग एकत्र देतो. फक्त लिहिणे हेक्स १, ओ_क्रिएट हेक्स ४०, ओ_अपेंड हेक्स ४००. बेरीज हेक्स ४४१. हाच आकडा फ्रीबीएसडीच्या चष्म्यातून वाचा:

१ म्हणजे फक्त लिहिणे, जुळलं.
४० म्हणजे ओ_असिंक. इथं ओ_क्रिएट हेक्स २०० असतो. म्हणजे "नसेल तर तयार कर" हे कर्नलला कुणी सांगितलंच नाही, म्हणून ईनोएंट.
४०० म्हणजे ओ_ट्रंक! इथला ओ_अपेंड हेक्स ८ आहे.

"शेवटी जोड" असं प्रोग्रॅमनं सांगितलं, कर्नलनं "पुसून टाक" ऐकलं. दोन्ही बाजूंनी वैध फ्लॅग, म्हणून कुणीच तक्रार केली नाही. चाचणी खऱ्या डेटावर करू नका म्हणतात ते याच्यासाठी.

असे जोड अजून आहेत. लिनक्सचा ओ_नॉनब्लॉक हेक्स ८००, तोच आकडा फ्रीबीएसडीत ओ_एक्सक्ल. लिनक्सचा ओ_क्लोएक्झेक हेक्स ८००००, इथं तो ओ_टीटीवाय_इनिट. हा दुसरा जास्त लबाड: काहीच बिघडलेलं दिसत नाही, फक्त एक्झेकनंतर फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) पोराकडे उघडाच राहतो. महिन्याभरानं कळतं की पोर्ट कुणीतरी धरून बसलंय.

उपाय सरळ आहे, कंटाळवाणा आहे: एकेक बिट तपासून नवा शब्द बांधायचा. ओळखीचा नसलेला बिट आला तर तसाच पुढे ढकलायचा नाही.

आता डेडलॉक. लिनक्समध्ये ईअगेन ११ आणि ईडेडएलके ३५. फ्रीबीएसडीत नेमकं उलटं, ईडेडएलके ११ आणि ईअगेन ३५. तुमच्या कर्नलनं "आत्ता डेटा नाही, परत ये" म्हणून ३५ दिला, तुम्ही उणे ३५ करून पाठवला, ग्लिबसीनं तो डेडलॉक म्हणून वाचला.

हे उशिरा का सापडतं तेही सांगतो. १ ते ३४ मधले एरर नंबर, ११ सोडला तर, दोन्हीकडे सारखे आहेत. जुन्या युनिक्सचा वारसा. ईनोएंट २, ईपर्म १, ईइनव्हॅल २२ सगळे जुळतात. त्यामुळं पहिल्या दोन दिवसांत वाटतं की तक्त्याची गरजच नाही. ३५ च्या पुढे मात्र दोन्ही घरं पूर्ण वेगळी.

---

तर्रीपोहे, बुधवार, रात्री ११:०५

अंबाझरी भाऊंनी दोन सोडवले, तिसरा मी घेतो. १७० कोटीचा आकडा ओळखीचा वाटत नाही का? १९७० पासूनचे सेकंद मोजा.

फ्रीबीएसडी १२ पासून इनोड (फाइलचा आतला नंबर) ६४ बिटांचा झाला आणि स्टॅटची (फाइलची माहिती देणारी) रचना २२४ बाइटची झाली. लिनक्सची एएमडी६४ वरची रचना १४४ बाइटची. आता मांडणी शेजारी ठेवा. दोन्हीकडे सुरुवातीला डिव्हाइस ८ बाइट, इनोड ८, लिंकसंख्या ८. मग मोड: लिनक्सला ४ बाइट, फ्रीबीएसडीला २ आणि वर २ भरणीचे. लिटल एंडियन (लहान बाइट आधी) असल्यामुळं भरण शून्य असली की दोन्ही सारखंच वाचलं जातं. मग यूआयडी ४, जीआयडी ४, भरण ४, आरडेव्ह ८. इथपर्यंत ४८ बाइट योगायोगानं तंतोतंत जुळतात, म्हणून परवानग्या आणि मालक अचूक.

४८ व्या बाइटला फाटा फुटतो. लिनक्स तिथं फाइलचा आकार शोधतो. फ्रीबीएसडीनं तिथं शेवटच्या वाचनाची वेळ ठेवलेली, सेकंदांत. तुमची ११ केबीची फाइल म्हणजे "आज संध्याकाळी वाचली".

आणि स्टॅक स्मॅशिंग: १४४ च्या खोक्यात २२४ कोंबले, ८० बाइट बाहेर सांडले. ते कॅनरीवर (स्टॅक बिघडला का ते ओळखायला ठेवलेल्या खुणेवर) पडले तर ग्लिबसी ओरडतं, दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलवर पडले तर ओरडतही नाही, नुसतं चुकीचं वागतं.

म्हणून ५५१ ला थेट बोलवायचंच नाही. त्याच्या पोटात कर्न_एफस्टॅट आहे, तो कर्नलच्या मेमरीत उत्तर देतो. ते घ्या, लिनक्सची रचना आधी पूर्ण शून्य करा, एकेक घर भरा, मग कॉपीआउट, म्हणजे यूजरच्या मेमरीत नक्कल. शून्य करणं विसरलात तर भरणीच्या जागेतून कर्नलच्या स्टॅकवरचा कचरा यूजरकडे जातो, ती सुरक्षेची भानगड वेगळी.

सगळ्या कॉलना हाच साचा: फरक नसेल तर नेटिव्ह सिस_ फंक्शन सरळ तक्त्यात, फरक असेल तर लिनक्स_ नावाचं फंक्शन जे भाषांतर करून कर्न_ ला बोलावतं. तुमच्यापैकी राइट आणि क्लोज पहिल्या गटात, बाकी बहुतेक दुसऱ्या.

---

झिरोमाईल, गुरुवार, सकाळी ७:५०

राजेहो, तिन्ही सुटले. लॉग नीट जोडला जातो, आकार ११ केबी, पाइपही चालला. ३५ आला की ११, ११ आला की ३५ एवढी अट लावली.

आता दोन नवे. नॉन-ब्लॉकिंग कनेक्ट (सॉकेट पालकाकडूनच आलेला, पत्त्याची रचना हातानं दुरुस्त केलेली) म्हणतो "फाइल नेम टू लाँग". तिथं फाइलच नाही! आणि तोच प्रोग्रॅम डायनॅमिक (लायब्ररी चालू होताना जोडणारा) बांधला की मेनपर्यंत पोचत नाही. कधी काहीच न छापता परत येतो, एक्झिट स्टेटस १.

---

अंबाझरी, गुरुवार, सकाळी ८:३०

कनेक्टचं एका ओळीत: फ्रीबीएसडीचा ईइनप्रोग्रेस ३६, लिनक्समध्ये ३६ म्हणजे नाव फार लांब. लिनक्सला ११५ हवा. दोन आकड्यांची अट पुरणार नाही, पूर्ण तक्ता टाका. ४७ म्हणजे इथं "पत्त्याचं कुटुंब चालत नाही", तिकडं तो ९७. तसाच सोडला तर यूजरला "लेव्हल ३ रिसेट" असा मेसेज दिसतो आणि तो बिचारा राउटर बंद-चालू करत बसतो. ४८ म्हणजे पत्ता वापरात, तिकडं ९८. ईनोसिस इथं ७८, तिकडं ३८.

तक्त्यात एक सापळा. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये उणे एरर पण असतात: ईरीस्टार्ट उणे १, ईजस्टरिटर्न उणे २. हे यूजरसाठी नाहीतच. पहिल्याचा अर्थ "सिग्नल आला होता, कॉल पुन्हा चालव", त्यासाठी कर्नल आरआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता) सिसकॉल सूचनेच्या २ बाइटनं मागं नेतो. दुसऱ्याचा अर्थ "रजिस्टर मी आधीच लावलेत, हात लावू नको". सरळ तक्त्यात इंडेक्स केलं तर अ‍ॅरेच्या आधीची मेमरी वाचाल. आधी हे दोन बाजूला काढा, मगच तक्ता.

पत्त्याची रचना हातानं का दुरुस्त करावी लागली ते नवीन वाचकांसाठी: लिनक्समध्ये पहिले २ बाइट कुटुंब. बीएसडीत पहिला बाइट लांबी, दुसरा कुटुंब. आयपीव्ही४ दोन्हीकडे २, पण लिनक्सचे "२, ०" हे बाइट बीएसडी "लांबी २, कुटुंब ०" असं वाचतो. आयपीव्ही६ तर नंबरच वेगळा: लिनक्स १०, फ्रीबीएसडी २८.

---

वऱ्हाडीबाइट, गुरुवार, सकाळी ९:१०

डायनॅमिक प्रकरण माझ्याकडे द्या. एक्झिट स्टेटस १ ही फार सुंदर खूण आहे.

तुमचा प्रोग्रॅम लिनक्सचा आहे हे कर्नलला ओळखताच आलं नाही, आणि तुमच्या मशीनवर फॉलबॅक_ब्रँड (ओळख न पटल्यास कुणाची समजायची ते) ९, म्हणजे फ्रीबीएसडी, असणार, म्हणून त्यानं नेटिव्ह तक्ता लावला. लिनक्सचा राइट म्हणजे कॉल नंबर १. फ्रीबीएसडीत १ म्हणजे एक्झिट. राइटचा पहिला आर्ग्युमेंट फाइल डिस्क्रिप्टर, स्टँडर्ड आउटपुट म्हणून १. म्हणजे "१ वर लिही" चं झालं "स्टेटस १ देऊन संप". चुकून संपला नसता तरी शेवटी एक्झिट_ग्रुप २३१ म्हणजे इथं शेअर्ड मेमरी मागणं!

स्टॅटिक का चालला? ईएलएफच्या (बायनरी फाइलच्या साच्याच्या) पहिल्या १६ बाइटमध्ये, शून्यापासून मोजून सातवा बाइट ओएसएबीआय, म्हणजे बायनरी कोणत्या सिस्टमची ते. ग्लिबसीच्या स्टॅटिक बायनरीत सहसा तिथं ३ असतो, कारण त्यात आयफंक (चालू होताना योग्य फंक्शन निवडायची सोय) वापरलेलं असतं आणि लिंकर तसा शिक्का मारतो. डायनॅमिक बायनरीत ० असतो, म्हणजे सिस्टम फाइव्ह, म्हणजे कुणीच नाही. फ्रीबीएसडीचा स्वतःचा ९. "फाइल" कमांड लावून बघा, एकात जीएनयू/लिनक्स दिसेल, दुसऱ्यात सिसव्ही.

कर्नल या क्रमानं बघतो: आधी ईएलएफ नोट (लिनक्सच्या बायनरीत एबीआय-टॅग नावाची नोट असते), मग ओएसएबीआयचा बाइट, मग इंटरप्रिटरचा (लायब्ररी जोडणाऱ्या लोडरचा) पाथ, आणि शेवटी केर्न.ईएलएफ६४.फॉलबॅक_ब्रँड. तुम्ही ब्रँडइन्फोमध्ये (कोणती बायनरी आपली ते कर्नलला सांगणाऱ्या रचनेत) फक्त ३ चा शिक्का भरला असणार. त्यात नोट आणि इंटरप्रिटर, म्हणजे /लिब६४/ एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२, हे पण भरा.

फॉलबॅक_ब्रँड ३ करायचा सल्ला काही ठिकाणी दिसतो. करू नका. मग अनोळखी प्रत्येक बायनरी लिनक्सची समजली जाते. एखाद्याच फाइलला शिक्का लावायचा तर ब्रँडईएलएफ -टी लिनक्स आहेच.

ओळख पटली की पुढची अडचण ऑक्झिलरी व्हेक्टरची (कर्नल प्रोग्रॅमला सुरुवातीला देतो त्या माहितीच्या यादीची), तो पण तुम्हालाच लिनक्सच्या नंबरांनी बांधावा लागेल. सगळ्यात महत्त्वाचा एटी_रँडम, नंबर २५: १६ यादृच्छिक बाइटांचा पत्ता. ग्लिबसी त्यातूनच स्टॅक कॅनरी काढतं, पत्ता नसेल तर मेनच्या खूप आधी सेगफॉल्ट. तीच तऱ्हा एफएस बेसची (थ्रेडच्या खासगी डेटाच्या पत्त्याची). ते तुम्ही आर्च_पीआरसीटीएलमध्ये केलंच आहे, म्हणून स्टॅटिक तरी जगला.

---

फुटाळा, गुरुवार, दुपारी १:२०

वाचून मजा आली, पण एक अडाणी प्रश्न. एवढी उठाठेव कर्नलच्या आत का? यूजरस्पेसमध्ये किंवा सरळ व्हीएममध्ये (आभासी मशीनमध्ये) का नाही?

---

तर्रीपोहे, गुरुवार, दुपारी २:००

अडाणी नाही, हाच प्रश्न मोठमोठ्यांना पडला. कर्नलमध्ये भाषांतर म्हणजे एक फंक्शन कॉल आणि थोडं फ्लॅग-अदलाबदल, जवळपास नेटिव्ह वेग, तीच फाइल सिस्टम, तेच प्रोसेस टेबल. फ्रीबीएसडीत हे १९९५ पासून आहे, ६४ बिटी लिनक्स बायनरी १०.३ पासून चालतात. ओपनबीएसडीनं मात्र ६.० मध्ये, २०१६ साली, आपला लिनक्स थर काढूनच टाकला.

मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये डब्ल्यूएसएलची (विंडोजवर लिनक्स प्रोग्रॅम चालवायच्या सोयीची) पहिली आवृत्ती अशीच केली: पिको प्रोसेस आणि एलएक्सकोअर नावाचा ड्रायव्हर, जो लिनक्सचे कॉल विंडोजच्या एनटी कर्नलवर उतरवायचा. कोरं गणित झकास चालायचं, पण एनपीएम किंवा गिटसारखं हजारो छोट्या फाइली उघडणारं काम रांगायचं, कारण एनटीत फाइल उघडणं-बंद करणं हेच महाग. पाट्या बदलून रस्त्याचे खड्डे बुजत नाहीत. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात हायपर-व्हीवर खराखुरा लिनक्स कर्नल. फ्रीबीएसडीला हा त्रास कमी, कारण दोघांची फाइल, फोर्क, सिग्नल यांची मुळं एकाच युनिक्समध्ये.

यूजरस्पेसमध्ये गूगलचं जीव्हायझर आहे, २०१८ चं. तिथं हेतू वेगळा: होस्ट कर्नलपर्यंत कमीत कमी कॉल पोचावेत. किंमत वेगात मोजायची.

माझं मत: प्रोग्रॅम नेटवर्क-फाइल-थ्रेड एवढंच करत असेल तर कर्नलमधला थर. सिस्टमडी, डॉकर, सीग्रुप, नेमस्पेस, ईबीपीएफ, आयओ_यूरिंग यातलं काहीही मागत असेल तर वेळ न घालवता बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीच्या व्हीएम चालवणाऱ्या साधनात) व्हीएम.

---

सिव्हिललाइन्स, गुरुवार, रात्री ८:४५

थ्रेडबद्दल कुणी बोललं नाही, आणि झिरोमाईल, तुमची पुढची ठेच तिथंच आहे.

लिनक्सचं पीथ्रेड_जॉइन (थ्रेड संपायची वाट बघणं) म्हणजे नुसती फ्युटेक्सवर, म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यावर झोपून, वाट बघणं. क्लोन करताना (नवा थ्रेड बनवताना) ग्लिबसी एक पत्ता देतं आणि सांगतं की थ्रेड मेला की इथं शून्य लिही आणि त्या पत्त्यावर झोपलेल्याला उठव. हे काम कर्नलचं. तुमच्या मॉड्यूलमध्ये थ्रेड मरताना हे झालं नाही तर जॉइन कायमचा झोपतो. सीपीयू शून्य टक्के, लॉग नाही, क्रॅश नाही. सेट_टीआयडी_अ‍ॅड्रेस (२१८) ला नुसता टीआयडी परत देऊन मोकळं होणाऱ्यांचं हेच होतं. पत्ता साठवून ठेवायचा असतो.

फ्युटेक्स (२०२) मध्ये "किंमत अजून तीच आहे का ते बघ आणि झोप" हे दोन्ही एकाच लॉकखाली झालं पाहिजे. आधी बघून मग लॉक घेतला तर मधल्या फटीत उठवणारा येऊन जातो आणि झोपणारा झोपून राहतो. दोन कोअरवर चालतं, सोळा कोअरवर दिवसातून एकदा अडकतं, असा बग. किंमत बदललेली असेल तर ईअगेन, लिनक्सचा ११. पुन्हा तेच ३५ आणि ११. फ्रीबीएसडीत उमटीएक्स नावाची यंत्रणा आधीच आहे, नवी रांग लिहू नका, तिच्यावर बसवा.

सिग्नल पण पाहून घ्या. लिनक्सचा सिगयूएसआर१ १०, फ्रीबीएसडीत १० म्हणजे सिगबस. लिनक्सचा सिगचाइल्ड १७, इथं १७ म्हणजे सिगस्टॉप! पोर मेल्याचा निरोप थांबण्याचा हुकूम होऊन बसतो, आणि सिगस्टॉप पकडता पण येत नाही. नंबर तर बदलाच, मास्कही: लिनक्सचा ६४ बिटांचा, इथला १२८ चा.

ईपोल (डिस्क्रिप्टरवर काही घडलं का ते कळवणारी लिनक्सची सोय) केक्यूवर, म्हणजे तिच्या फ्रीबीएसडीतल्या बहिणीवर, बसवता येतो. ईपोलईटी ला ईव्ही_क्लिअर, वनशॉटला ईव्ही_डिस्पॅच. पण एक जागा चिकटत नाही. केक्यूची नोंद डिस्क्रिप्टरला बांधलेली, तो बंद केला की नोंद जाते. लिनक्समध्ये ती उघड्या फाइलला बांधलेली. डुप करून (डिस्क्रिप्टरची नक्कल काढून) मूळ बंद केला तरी इव्हेंट येत राहतात. त्यावर विसंबणारे प्रोग्रॅम कमी आहेत, पण आहेत.

---

वऱ्हाडीबाइट, गुरुवार, रात्री ९:३०

याच्यात माझी एक जुनी खुन्नस जोडतो: न लिहिलेल्या कॉलला ० परत देणं. "सध्या यशस्वी म्हण, नंतर बघू." बाप्पा, नका करू.

ग्लिबसी नवा कॉल आधी वापरून बघतं, ईनोसिस आला की जुन्या रस्त्यानं जातं. क्लोन३ (४३५) नाही? मग क्लोन. एफअ‍ॅक्सेसअ‍ॅट२ (४३९) नाही? मग जुना एफअ‍ॅक्सेसअ‍ॅट. स्टॅटएक्स (३३२) नाही? न्यूएफस्टॅटअ‍ॅट. ही वाट फक्त ईनोसिसलाच उघडते. २०२१ मध्ये ग्लिबसी २.३४ आलं तेव्हा जुन्या डॉकरच्या सेककॉम्प (कोणते कॉल चालतील ते ठरवणाऱ्या) नियमांनी क्लोन३ ला ईपर्म दिला, आणि कंटेनरमध्ये थ्रेड तयार होणंच बंद झालं. एका आकड्याचा फरक. खोटं ० त्याहून वाईट, कारण गेटरँडम (३१८) ला "० बाइट मिळाले" हे वैध उत्तर वाटतं आणि प्रोग्रॅम पुन्हापुन्हा मागत फिरतो.

तुमच्या मॉड्यूलमध्ये ईनोसिस देताना प्रोसेसचं नाव, पीआयडी आणि कॉल नंबर एकदा कर्नल लॉगमध्ये टाका. एकदाच, नाहीतर डीमेसेज भरून वाहतो.

---

फुटाळा, शुक्रवार, सकाळी ९:००

ज्यांना मॉड्यूल लिहायचं नाही, फक्त लिनक्सचं एक सॉफ्टवेअर चालवायचं आहे, त्यांनी कसं करायचं? क्रमानं सांगाल का, ताई-दादा कुणीही.

---

सिव्हिललाइन्स, शुक्रवार, सकाळी १०:४०

सांगते.

रूट होऊन सिसआरसी लिनक्स_एनेबल=येस, मग सर्व्हिस लिनक्स स्टार्ट. केएलडीस्टॅटमध्ये लिनक्स, लिनक्स६४ आणि लिनक्स_कॉमन दिसले पाहिजेत.

पीकेजी इन्स्टॉल डीबूटस्ट्रॅप. मग डीबूटस्ट्रॅप बुलसआय /कॉम्पॅट/डेबियन. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करत असाल तर डेटा शिल्लक बघून बसा. अर्ध्यात तुटलं तर फोल्डर पुसून नव्यानं, अर्धवटावर पुन्हा चालवलं की पॅकेज अर्धे-कच्चे राहतात.

माउंट एफएसटॅबमध्ये, याच क्रमानं. आधी डेव्हएफएस त्या झाडाच्या /डेव्ह वर. त्याच्यावर /डेव्ह/एफडी ला एफडेस्कएफएस, ऑप्शन लिनआरडीएलएनके. मग /डेव्ह/एसएचएम ला टीएमपीएफएस, मोड १७७७. मग /प्रॉक ला लिनप्रॉकएफएस, /सिस ला लिनसिसएफएस. सगळ्यांना लेट ऑप्शन. क्रम चुकून डेव्हएफएस शेवटी आला तर तो आधीच्या दोघांना झाकून टाकतो. माउंट कमांडमध्ये सगळं दिसतं आणि आत काहीच सापडत नाही. एसएचएम नसेल तर पायथनचं मल्टिप्रोसेसिंग पहिल्याच सेमाफोरवर पडतं.

क्रूट करून (ते झाड मूळ फोल्डर मानून) आत जा. अ‍ॅप्ट चालवायच्या आधी /ईटीसी/अ‍ॅप्ट/अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल करून अ‍ॅप्टचा कॅश-स्टार्ट २५१६५८२४० ठेवा. हा आकडा म्हणजे २४० एमबी. कारण: अ‍ॅप्ट आपला कॅश एमरीमॅपनं (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या कॉलनं) वाढवत नेतं, आणि या थरात एमरीमॅप मेमरी लहान करू देतो, मोठी करायला ईनोमेम देतो. म्हणून "डायनॅमिक एममॅप रॅन आउट ऑफ रूम". सुरुवातीलाच मोठा दिला की वाढवायची वेळ येत नाही.

"कर्नल टू ओल्ड" आलं तर सिसकंट्रोल कॉम्पॅट.लिनक्स.ओएसरिलीज बघा. बुलसआयचं ग्लिबसी सुरुवातीलाच यूनेम (कर्नलची आवृत्ती) विचारतं आणि किमान आवृत्ती नसेल तर बाहेर पडतं. आकडा वाढवता येतो, पण तो फक्त सांगण्यापुरता. कॉल तेवढेच राहतात. फार वर नेला की प्रोग्रॅम नवीन कॉल असतीलच असं गृहीत धरतात.

क्रोमियमच्या जातीचे ब्राउझर आपला सँडबॉक्स नेमस्पेस आणि सेककॉम्पवर उभा करतात, ते इथं नाहीत, म्हणून नो-सँडबॉक्स द्यावा लागतो. मग त्या ब्राउझरनं बँकेचं काम करू नका, एवढंच म्हणेन. आयनोटिफाय १४ मध्ये ईनोसिस देतो, फाइल बदलली की आपोआप बिल्ड करणारी साधनं पोलिंगवर टाका.

काय अडलं ते बघायला ट्रस -एफ पुरतो, लिनक्सच्या कॉलची नावं दाखवतो. जास्त खोल जायचं तर केट्रेस आणि केडंप.

आणि हा थर म्हणजे कुंपण नाही. लिनक्सची बायनरी होस्टच्याच कर्नलवर, त्याच अधिकारांनी चालते. अनोळखी बायनरी असेल तर जेलमध्ये (फ्रीबीएसडीच्या वेगळ्या बंद कप्प्यात) टाका.

---

झिरोमाईल, शनिवार, सकाळी ६:५५

वऱ्हाडीबाइट भाऊ, नोट आणि इंटरप्रिटर भरले, एटी_रँडम दिला. डायनॅमिक चालला. सिव्हिललाइन्स ताई, जॉइन खरंच अडकला होता. थ्रेड संपताना शून्य लिहून फ्युटेक्स उठवला, सुटला. एररचा तक्ता आता अख्खा आहे, उणे १ आणि उणे २ आधी बाजूला.

शेवटचं एक. क्रूटमधल्या प्रोग्रॅमचा लॉग साडेपाच तास मागं आहे, होस्टचा बरोबर. आणि मराठी नावांच्या फाइलींजागी प्रश्नचिन्हं. क्लॉक_गेटटाइममध्ये अजून काही भाषांतर राहिलं का?

---

सिव्हिललाइन्स, शनिवार, सकाळी ७:२०

सिस्टम कॉलला दोष देऊ नका, तो बरोबर सेकंद देऊन राहिला. क्रूटमध्ये /ईटीसी/लोकलटाइम यूटीसीचा आहे. तो एशिया/कोलकाता कडे वळवा. दुसऱ्यासाठी आत लोकेल्स पॅकेज टाका, लोकेल.जेन मध्ये एमआर_आयएन यूटीएफ-८ ची ओळ उघडा, लोकेल-जेन चालवा आणि लँगला तेच द्या. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल.